पाण्याचा पारा

नाशिकची थंडी म्हटली की सगळे निफाडकडे बघतात. डिसेंबर लागला की पेपरात निफाडचा पारा, शेजारी शेकोटीचा फोटो आणि खाली द्राक्षबागायतदारांची काळजी, हे ठरलेलं. हवेचा आकडा असा घरबसल्या कळतो. पाण्याचा आकडा कुणी छापत नाही, कारण तो फारसा कुणाला लागत नाही. आम्हाला लागतो. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पहाटे बोट घालणारा माणूस बोट उलटली की पाण्यात पडतो, आणि तिथे निफाडचा पारा काही कामाचा नसतो.

मी रोइंगला लागलो तो लेकीमुळे. तिला सोडायला जायचो, थर्मासमधला चहा पीत गाडीत बसायचो. एकदा तिच्या कोच सरांनी हाक मारून एर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवायच्या यंत्रावर, बसवलं आणि मी अडकलोच. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी अंबड एमआयडीसीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. मोजल्याशिवाय गोष्ट खरी मानायची नाही ही सवय तिथली. सर माझ्यापेक्षा बरेच लहान, फौजेत रोइंग करून आलेले. पोरं मला काका म्हणतात म्हणून तेही काकाच म्हणतात, आणि मी त्यांना सर.

आमच्या जिल्ह्यात रोइंगला ओळख मिळाली ती दत्तू भोकनळमुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा पोरगा फौजेत गेल्यावर वल्हवायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीत, 13वा आला. 2018 च्या एशियन गेम्समध्ये क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांत तो होता. त्यामुळे हल्ली आईबाप पोरं घेऊन येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पोहता येतं, मग झालं ना?’ सर म्हणतात, ‘नाही झालं.’ आणि थंडीआधीच्या परीक्षेचं सांगतात.

परीक्षा तीन टप्प्यांची. आधी तलावात कपड्यांसकट पोहणं आणि जागच्या जागी तरंगत राहणं. मग तलावातच बोट उलटवून बाहेर येणं. आणि शेवटी तेच ऐन थंडीत, धरणात. ही शेवटची पास झाल्याशिवाय हिवाळ्यात एकट्याने सिंगल मिळत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना त्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी आणि ईसीजी. गार पाण्यात पडल्याबरोबर नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम चढतात, हृदय आधीच कुरकुरत असेल तर तेवढं पुरतं. आमच्या बॅचमध्ये चाळिशीपुढचा मी एकटाच असल्यामुळे हा नियम माझ्यासाठीच केला असावा असा मला संशय होता. नंतर कळलं, तो आधीपासूनच होता.

तलावातलं उरकलं. पाणी निळं, तळ दिसतो, काठ हाताशी. पायाचे बूट बोटीला पक्के असतात, त्यांच्या टाचा दोरीने खाली बांधलेल्या असतात, म्हणजे माणसाने पाय ओढला की टाच अडून पाय बुटातून सुटतो. वेल्क्रोची पट्टी एका हिसक्यात निघाली पाहिजे. उलटं लटकून हे दोन-चारदा केलं की भीती जाते. सगळे हसत हसत पास झाले. सर हसले नाहीत.

मी वही सुरू केली ती त्याच सुमाराला. कंपनीत भंगारात निघालेलं लांब वायरचं डिजिटल थर्मामीटर होतं. घरी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतंय की नाही ते बघितलं, उकळत्या चहाच्या पाण्यातही घालून बघितलं. बायकोने ते भांडं परत वापरलं नाही. वायरला हातभर अंतरावर टेपची खूण केली आणि जेटीच्या त्याच खांबाशी, बोट घालायच्या आधी, त्या खुणेपर्यंत सोडून आकडा लिहायचा असा नेम धरला. शेजारी हवेचा आकडा.

पहिल्या काही आठवड्यांतच दोन्ही रकाने एकमेकांशी बोलेनासे झाले. डिसेंबरच्या मध्यात हवा 9-10 वर आली तेव्हा पाणी अजून 22 च्या आसपास होतं. पहाटे जेटीवर उकिडवं बसून हात घातला की कोमट लागायचं, विहिरीच्या पाण्यासारखं. पाण्यावर वाफ तरंगत असायची. पोरं म्हणायची, ‘काका, आतच बरं आहे, बाहेर गारठतोय.’ ते खरंही होतं, पण अर्धवट. गारठलेल्या हाताला 22 अंश कोमट लागतात, आणि 33 अंशांच्या छातीला तेच 22 अंश कसे लागतात ते हात घालून कळत नाही.

मग जानेवारी संपत आला. संक्रांत झाली, पहाटेची हवा 12-13 वर चढली, स्वेटर सुटायला लागले, आणि वहीत पाण्याचा आकडा खाली चाललेला. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात 19 च्या आसपास, तो त्या मोसमाचा तळ. कारण गुंतागुंतीचं नाही. तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा पाण्याला एक अंश चढायला किंवा उतरायला चौपट उष्णता लागते, आणि धरणात पाणी किती असतं ते सांगायला नको. हवा एका रात्रीत बदलते, धरणाला महिना लागतो. आकडे लेकीला दाखवले तर ती म्हणाली, ‘पणजी माघस्नान करायची ना? तिला विचारायला हवं होतं.’ माझी आजी माघात रामकुंडावर जायची हे मी विसरूनच गेलो होतो.

आकडे जमल्यावर त्यांचं करायचं काय म्हणून मी वाचायला बसलो. बहुतेक मजकूर थंड देशांतला. अमेरिकेतले काही क्लब हवेचं आणि पाण्याचं तापमान फॅरनहाइटमध्ये मिळवतात आणि बेरीज 90 च्या खाली गेली तर सोबत सेफ्टी लाँच, म्हणजे मदतीला मोटरबोट, असल्याशिवाय बोट पाण्यात घालू देत नाहीत. मी नाशिकचं गणित केलं. हवा 10 म्हणजे 50 फॅरनहाइट, पाणी 19 म्हणजे 66. बेरीज 116. या हिशेबाने नाशिकला धोका कधीच नाही. नियम त्यांच्या पाण्यासाठी केलेला, तो इथे आणला की फक्त समाधान देतो. दुसरीकडे गार पाण्याच्या सुरक्षेवर काम करणारी तिथलीच मंडळी सांगतात की 21 अंशांच्या खालच्या कुठल्याही पाण्याला जपून असा. शरीराचा पहिला झटका तर 25 च्या खालीच सुरू होतो आणि 10 ते 15 अंशांच्या दरम्यान सर्वांत जोराचा होतो. स्पर्धेच्या पोहण्याच्या तलावात पाणी 25 ते 28 अंश ठेवतात. म्हणजे आम्ही ज्या पाण्यात हसत पास झालो होतो ते वेगळं आणि जानेवारीचं गंगापूर वेगळं.

धरणातली परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी झाली. ऊन वर आलं होतं, वारा नव्हता. लाँचवर सर आणि एक मोठा मुलगा, जेटीवर ब्लँकेटं, कोरडे कपडे, चहाची किटली. सरांचा आग्रह असा की रोज जे घालून वल्हवता तेच घालून उलटा. माझ्या अंगात टाइट्स आणि सुती टी-शर्ट.

सिंगलबद्दल थोडं सांगायला हवं. लांबी 8 मीटरच्या आसपास, वजन 14 किलो, आणि पाण्याच्या रेषेवर रुंदी जेमतेम दीड वीत. दोन्ही वल्ह्यांचे दांडे हातात आहेत तोवर ती सरळ राहते. मी डावा दांडा सोडला आणि त्या बाजूला कललो. विचार करायलाही वेळ मिळाला नाही. डोकं खाली, पाय वर बुटात, कानात घुं आवाज. वेल्क्रो ओढला, टाचा सुटल्या, वर आलो. इथपर्यंत सगळं तलावातल्यासारखं.

तोंड बाहेर आलं आणि श्वास आत गेला तो थांबेचना. घेतला, परत घेतला, त्यावर आणखी घेतला, सोडायला जागाच राहिली नाही. छातीवर पट्टा आवळल्यासारखं झालं. मी लहानपणापासून पोहतो, पाण्याची भीती मला कधी नव्हती, तेव्हाही नव्हती. फक्त श्वास माझ्या हातात नव्हता. सरांचा आवाज आला, ‘काका, बोट धरा. पोहू नका. काही करू नका. मोठ्याने मोजा.’ मी मोजायला लागलो. एक, दोन म्हणताना दर आकड्यामागे हापका येत होता. सातच्या पुढे आकडेच तुटायला लागले. विशीत कधीतरी एक श्वास पूर्ण बाहेर गेला. चाळिशीत दोन आकडे एका श्वासात बसले. साठाला मी सरांना म्हणालो, ‘बरं आहे,’ आणि ते खरंच बरं होतं.

हा जो हापका आहे तोच बुडवतो. तो डोकं पाण्याखाली असताना आला, किंवा वर आल्यावर तोंडावर वीतभर लाट आली, तर हवेऐवजी पाणी आत जातं. गारठून मरायला वेळ लागतो, 19 अंशांत तर बराच. कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्ट गार पाण्याचा हिशेब 1-10-1 असा सांगतात: 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, 10 मिनिटं हातपाय कामाचे, 1 तास शुद्ध हरपायला. ते आकडे बर्फाळ पाण्याचे. आमच्या धरणात 10 ची पुष्कळ जास्त मिनिटं होतात आणि तासाचे कित्येक तास. आधीचा तो 1 मात्र नाशिकलाही मोजावाच लागतो. म्हणूनच सरांचा सगळा भर त्या मिनिटावर. त्या मिनिटात पोहायचं नाही, बोट सरळ करायची नाही, वल्हं शोधायचं नाही. बोट धरून तरंगायचं आणि तोंड पाण्याच्या वर ठेवायचं.

श्वास जागेवर आला तरी सरांनी मला लगेच चढू दिलं नाही. मध्ये मध्ये एकच विचारायचे, ‘अंगठा करंगळीला लागतो का?’ आधी लागत होता. मग लागत होता पण मला तो लागल्याचं कळत नव्हतं. मग दोन्हींच्या मध्ये फट राहायला लागली. बधिर म्हणावीत अशी बोटं झाली नव्हती, पण ताठरली होती. ‘आता चढा,’ म्हणाले. दोन्ही वल्ही बोटीला काटकोनात आणायची, दोन्ही दांडे एका मुठीत घट्ट धरायचे, दुसरा हात बोटीच्या पलीकडच्या कडेला, पाय मारत पोट बोटीवर आणायचं, मग वळून बसायचं. तलावात हे सहज जमलं होतं. इथे त्या मुठीत दोन दांडे मावत होते पण आवळता येत नव्हते, आणि सगळा तोल त्या मुठीवर. बसलो तेव्हा लाँचवरचा मुलगा टाळ्या वाजवत होता. मला त्याचा राग आला, का ते आजही सांगता येणार नाही.

खरा गारठा बाहेर आल्यावर लागला. सुती टी-शर्ट अंगाला चिकटलेला, त्यातलं पाणी उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. तरी पाण्यातून बाहेर येणं केव्हाही चांगलं, कारण पाणी हवेपेक्षा 25 पट वेगाने उष्णता ओढतं. बोटीवर चढणं जमलं नाही तर निदान उलट्या बोटीवर छाती टेकवून पडायचं. जेटीवर ओले कपडे आधी काढायला लावले, ब्लँकेट नंतर. ओल्यावर ब्लँकेट गुंडाळणं ही आपल्याकडची लाडकी चूक. एक पोरगं माझे तळवे जोरात चोळायला आलं, सरांनी त्याला हटकलं. फार गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळून तिथलं थंड रक्त घाईने आत ढकलायचं नसतं. धड आधी गरम करायचं, हातपाय आपोआप येतात. नाशिकला असल्यामुळे ब्रँडीचं नाव कुणीतरी काढणार होतंच. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून ऊब वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते. गोड चहा मिळाला. कुडकुडणं चालू होतं आणि सर म्हणाले, ‘चालू दे, ते चांगलं आहे. काळजी करायची ती न तापता थांबलं तर.’

लेक माझ्यानंतर उलटली. तिचा श्वास माझ्यापेक्षा लवकर ताब्यात आला, पण ती अंगाने काटकुळी. बाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ थरथरत होती, ओठ निळसर. लहान, बारीक शरीर लवकर निवतं हे वाचलेलं होतं, शेजारी बसून बघणं वेगळं. तेव्हापासून परीक्षेत पोरांना श्वास सावरला की लगेच चढवतात, अंगठा-करंगळीचा खेळ फक्त मोठ्यांसाठी.

घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘पण रामकुंडावर एवढी माणसं बुडी मारतात थंडीत, कोण हापकतं?’ प्रश्न रास्त होता. माझी आजी पायरीवर बसून आधी पायांवर तांब्या घ्यायची, मग हातांवर, मग खांद्यावर, आणि सगळ्यात शेवटी बुडी. कातडीला खबर द्यायला तिला पाच मिनिटं मिळायची. बोट उलटताना तांब्या मिळत नाही. शिवाय महिनाभर रोज. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तरी हापका जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ती सवय कित्येक महिने टिकते, हे ब्रिटनमधल्या माइक टिप्टन यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. आम्ही ते उचललं. थंडीत व्यायाम झाला की जेटीच्या शिडीला दोर धरून, एकाने काठावर उभं राहून, जोडीजोडीने उतरायचं. श्वास लागला की बाहेर. एकट्याने कधीच नाही. मला स्वतःला फरक कळला: हापका येतोच, पण आता त्याच्यातून आकडे स्वच्छ म्हणता येतात.

बोट सोडायची नाही हे वाक्य सर इतक्यांदा म्हणतात की पोरं नक्कल करतात. त्यामागची एक घटना त्यांनी सांगितली तेव्हा नक्कल थांबली. डिसेंबर 2000 मध्ये ऑक्सफर्डची मुलं स्पेनमध्ये एब्रो नदीवर सरावाला गेली होती. आठांची बोट लाटांनी भरली, आणि काठाकडे पोहत निघालेला एक मुलगा बुडाला. चांगला वल्हवणारा, तरुण, तंदुरुस्त. त्यानंतर त्याच्या आईवडिलांनी बोटींत पुरेशी हवाबंद जागा असावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. आज आंतरराष्ट्रीय नियमात आहे की बोट पाण्याने भरली आणि माणसं जागेवर बसलेली असली तरी सीट पाण्याच्या पातळीखाली 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. म्हणून बोट घालण्याआधी पुढच्या-मागच्या हवेच्या कप्प्यांची झाकणं मी हाताने फिरवून बघतो. अर्धी वेळ कुणीतरी आदल्या दिवशी बोट सुकवायला उघडलेली असतात.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी 25-26 वर येतं, गारठ्याचा प्रश्न मिटतो आणि प्रवाहाचा सुरू होतो. धरणातून विसर्ग सुटला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याच्या बातम्या यायला लागल्या, की बोटी शेडमध्ये आणि आम्ही एर्गोवर.

फसवा काळ मार्च. दुपारी ऊन 35-36, अंगाची लाही, आणि वहीत सकाळचं पाणी 23. थंडी गेली म्हणून लाँचवरचा माणूस कमी करा, जाड कपडे नकोत, असा सूर याच महिन्यात निघतो. घामेजल्या अंगाने 23 मध्ये पडलं की हापका हमखास. मेमध्ये वरचं पाणी 28-29 ला जातं, पण वायर पूर्ण सोडली तर खाली दोन-तीन अंश कमीच दिसतं. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं, गार खाली. काठावरून बिनधास्त सूर मारणाऱ्या पोरांना हे मी दाखवत असतो. त्यांना थर्मामीटरपेक्षा सूर आवडतो.

आता आमच्याकडे हिवाळ्याचा हंगाम वहीवर चालतो. पाणी 21 च्या खाली गेलं की उजाडायच्या आत सिंगल नाही, काठापासून हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरात, लाँच पाण्यात असल्याशिवाय कुणी निघायचं नाही, सुती कपडे बंद. गळ्यात शिट्टी, कारण हापक्यात ओरडता येत नाही पण शिट्टीत तोच श्वास कामी येतो. काही पालकांना हे अति वाटतं. नाशिकला कुठे बर्फ पडतो, म्हणतात. त्यांना मी जेटीच्या शिडीवर बोलावतो. अजून कुणी आलेलं नाही.

यंदाच्या परीक्षेची तारीख सरांनी संक्रांतीच्या रविवारी धरली होती. मी वही पुढे केली, ते हसले आणि तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारवर नेली. बारावीच्या पोरांनी लगेच कुरकुर केली, प्रॅक्टिकल त्याच सुमाराला असतात. मग त्यांची आधी घ्यायची आणि बाकीच्यांची नंतर, असं ठरलं. यादीत पहिलं नाव काकांचं आहे. ईसीजी नवीन काढून आणायला सांगितलंय.